पेद्रूची तबकडी

"मास्तर, तुमनी तबकडीबी दुरुस्त करी दिन्ही," चुडामण मिस्त्री ऐटीत म्हणाला.

कायतान मास्तर बुचकळ्यात पडले. "तबकडी? अरे, चावीची कमान तुटली म्हणून मी तर नुसता फोनो आणला होता."

"कमान नवी टाकी. पन तपासाले तबकडी लावी, त नुसती केकाटी ऱ्हायंती. वाकडी व्हयेल व्हती. दोन काचसमा दाबीसन उन्हामा ठेवी."

वाकलेल्या तबकड्या उन्हात सरळ करण्यात चुडामणचा हात धरणारा धुळ्यात कोणी नव्हता. आपल्या कानाचा तर त्याला भारी गर्व. फोनो कुणाचाही असो, चुडामण कान लावून म्हणेल ते खरं. ही तबकडी मात्र ऐकेना. मग त्यानं ती पुन्हा पुन्हा तापवली, ऐन मे महिन्यात, पत्र्यावर. आजच खाली काढली होती, लावून बघायची राहिली होती.

कायतान मास्तर मूळचे गोव्याचे, पोलिसांचा बँड शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा पेद्रू लंडनला मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवी. तबकडी त्यानंच पाठवलेली. लंडनवर बाँब पडू लागले तेव्हापासून त्याची काही खबर नव्हती. मास्तर रोज ती तबकडी लावत.

चुडामणनं चावी भरली, सुई ठेवली. भोंग्यातून नुसती खरखर आली. उन्हानं मऊ पडून तबकडीच्या रेघा पुसल्या होत्या.

"आधी कशी वाजत होती?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"मांजरी भांडतस ना, तशी."

"ती तशीच आहे रे. हल्लीचं संगीत आहे, मुद्दाम तसं लिहिलेलं. शेवटी सगळे थांबतात, चारच व्हायोलिनं उरतात. त्यात एक पेद्रू."

चुडामणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मनी चूक व्हयनी, मास्तर," एवढंच तो कसंबसं म्हणाला. मास्तर चार शिव्या हासडते तर बरं झालं असतं. पण त्यांनी तबकडी जपून पाकिटात घातली, फोनो उचलला आणि निघाले. पायरीवर थांबून म्हणाले, "कमान छान बसवलीस हो."

दोन दिवसांनी रतनलाल शेठ आपला फोनो न्यायला आले. गाणं लावून त्यांनी सवयीनं विचारलं, "काय चुडामणभाऊ, सूर बरोबर आहे ना?"

चुडामणनं मान खाली घातली.

"तुम्हीच आयका, शेठ. माले काय समजस?"

आणि गाणं संपेपर्यंत तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.