स्वच्छ घराणं

पंच्याऐंशी सालापर्यंत तरी मालवणाकडच्या चांगल्या घरांतून रोगाने कुणी मरत नसे. माणसं वाऱ्याने जात, दृष्ट लागून जात. कावेरीची आई 'अन्न तुटून' गेली आणि मावशी देवचाराच्या कोपाने. दोघींच्या छातीतल्या गाठी त्यांच्याबरोबर जळल्या, मागे स्वच्छ घराणं उरलं. त्या स्वच्छतेवर कावेरीचं लग्न झालं, आणि आता तिच्या नीरजाचंही वेंगुर्ल्यात जुळत आलं होतं. नेमकी तेव्हाच, दिवाळीत आंघोळ करताना कावेरीच्या हाताला छातीत गाठ लागली.

कट्टा गावच्या दवाखान्यात नवऱ्याने, गुरुदासने, नीरजाला बाहेरच बसवलं. बाकावर आधीपासून राधाबाई खोकत बसली होती, होणाऱ्या जावयाची आई, कट्ट्याला माहेरी आलेली. मध्ये नुसता कापडी पडदा.

"घरात कुणाला असा आजार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

गुरुदास सोयरिकीला आल्यासारखा सावरून बसला. "छे. सासूबाई, मावशी, दोघी ठणठणीत."

"मग गेल्या कशाने?"

"ठणठणीत असतानाच गेल्या."

"पहिलं मूल कितव्या वर्षी?"

लग्नात कावेरीचं वय पाच वर्षांनी कमी सांगितलं होतं. तेच धरून त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, मी स्थळ बघत नाहीये. यावरून धोका किती ते कळतं. यांचा, आणि पुढे मुलीचाही."

मुलीचाही म्हटल्यावर कावेरीने पडद्याकडे बघितलं. आईने कधी सांगितलं असतं, तर ती दिवाळीपासून ही गाठ लपवत बसली असती काय?

"नीरजा, आत ये गो."

"गप रव," गुरुदास कुजबुजला. "राधाबाई भायर आसा."

"आसांदे."

नीरजा आत आली. कावेरीने मुलीचा हात धरून सांगितलं, "माझ्या आवशीक हीच गाठ होती, डॉक्टर. मावशीकपण. आणि ह्या चेडू झाला तेवा मी तिशी ओलांडलेली."

पडद्यापलीकडचा खोकला एकदम बरा झाला.

"त्यांना होतं म्हणजे तुम्हाला होईलच असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धोका जास्त, एवढंच. घरात कुणालाच नसला तरी कॅन्सर होतो. ही गाठ कसली ते मोठ्या दवाखान्यात तपासू. आणि हिने हे विसरायचं नाही."

गुरुदासने कपाळाला हात लावला. "आता वेंगुर्ल्याक काय सांगतलंस?"

नीरजाने वेंगुर्ल्याचं नावही काढलं नाही. ती आईला खेटून बसली.

"आजीक खूप दुखायचा गो?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. कावेरीने पदर सावरला आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. आवाज मात्र खाली केला नाही.