हात वर केले

गावाचं नाव मी सांगणार नाही. इंझोरीकडून कारंज्याला निघालात की वाटेत लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर उद्या चार जण माझ्याच दारात येऊन विचारतील की गावाची बदनामी कशाला करतेस. बदनामी मी केलेली नाही. ज्यांनी केली ते मजेत आहेत.

मी अन्वरी, मनियारीण. घरोघरी जाऊन बांगड्या भरते. गावाच्या मधून डांबरी रस्ता जातो. त्याच्या एका अंगाला देऊळ, शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना, अंगणवाडी, आणि दुसऱ्या अंगाला आमचा मोहल्ला. गावाला जे जे मिळालं ते पलीकडेच उतरलं. आम्हाला विजेचे खांब मिळाले, तेही बिनदिव्याचे. पण माझा धंदाच असा की मला दोन्हीकडची दारं उघडी. बाई कितीही तोऱ्याची असो, बांगड्या भरून घ्यायच्या तर हात माझ्या हातात द्यावाच लागतो.

माझ्या नातीला, लायबाला, चौथं वर्ष लागलंय. अंगणवाडीत जायचं तर रस्ता ओलांडावा लागतो. हंगामात सोयाबीनच्या गाड्या कारंज्याच्या बाजाराकडे अशा सुसाट सुटतात की ड्रायव्हरला मोठं माणूस दिसत नाही, तिथे लहान पोर काय दिसणार! मागच्या वर्षी शेजारच्या तनवीरच्या पोराला गाडीने उडवलं. पोर वाचलं, पाय वाकडा राहिला. तेव्हापासून आमच्याकडची लेकरं अंगणवाडीत जात नाहीत. खाऊ नाही, गाणी नाहीत, वजन करणं नाही. पलीकडून पोरांचा गलका ऐकू आला की लायबा मान उंच करून बघते. मला ते बघवत नाही. मला तेवढं एकच हवं होतं, की अंगणवाडी आमच्या बाजूला व्हावी.

म्हणून मी मंजुषाच्या मागे लागले. खरं तर आधी तीच माझ्या मागे लागली. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि गणेशने आपल्या बायकोला, म्हणजे मंजुषाला, उभं केलं. ती मानोऱ्याकडची, लग्न होऊन आलेली, गावात फारशी कुणाच्या ओळखीची नाही. एक दिवस माझ्याकडे आली.

"चाची, तुले समदे दारं माहीत हायेत. मले घेऊन चाल ना."

"अन् मले काय देशीन?" मी थट्टेत विचारलं.

"मांग."

मी अंगणवाडी मागितली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "दिली."

मग काय, तिला घेऊन मी सगळं गाव पालथं घातलं. बांगड्या भरता भरता सांगायचे, पोरगी चांगली आहे, बाईचं दुःख बाईलाच कळतं. आमच्या मोहल्ल्यातलं तर एक मत फुटलं नाही. ती निवडून आली तेव्हा गुलाल आमच्या दारापर्यंत आला. ईदला आली आणि शिरखुर्म्याच्या दोन वाट्या संपवून गेली. माझी लेकच निवडून आली असं मला वाटत होतं.

यंदा नव्या अंगणवाडीला मंजुरी आली. जागा ग्रामसभेने ठरवायची होती. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी फक्त बायकांची सभा असते. तिथे मंजुषा उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जुनी अंगनवाडी इकडे हायेच. नवी मोहल्ल्यात व्हावी. ज्याइले पटते त्याइनं हात वर करा."

सगळे हात वर गेले. एक म्हणून खाली राहिला नाही. सभागृहात काचेचा नुसता खळखळाट झाला. त्यातले बहुतेक हात मीच सजवलेले, मला तर रडूच फुटलं. शेजारी रुख्मिणीबाई बसली होती, माझ्याहून मोठी, तीस वर्षांची ओळख. तिच्या गळ्यात पडले. ती बिचारी अवघडून बसली. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला लाज वाटली असेल. घरी जाऊन लायबाला उचललं आणि सांगितलं, "अब तू भी जाएगी."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. पुरुष पुढे, बायका मागे पदर ओढून. ग्रामसेवकाने अंगणवाडीचा विषय वाचला न वाचला तोच गणेश उठला. तो सरपंच नाही, सदस्य नाही, पण आमच्याकडे सरपंचबाईचा नवरा उठला की सगळे ऐकतात.

"जुनी इमारत गळून राह्यली," तो म्हणाला. "नवी शायेच्या मैदानातच व्हावी. जुनी पाडून टाकू."

मी उभी राहिले. "काल बायकांच्या सभेत ठरलं ना, मोहल्ल्यात व्हावी म्हनून?"

ग्रामसेवक कागदात बघत म्हणाला, "अन्वरीबी, काल शिफारस झाली. ठराव आज होणार. गाव म्हणेल तसं."

"मंग त्याच बाया इथं बसल्या हायेत, त्याइले विचारा. सरपंचबाईले विचारा. मंजुषा, तू सांग!"

मंजुषा पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बहुमत म्हनीन ते."

"मैदानाच्या बाजूनं असनाऱ्याइनं हात वर करा," गणेश ओरडला.

पुरुषांचे हात वर गेले, ते जाणारच होते. मी मागे वळून बघितलं. पदर हनुवटीपर्यंत ओढलेले, तोंड एकीचंही दिसेना. पण हात वर येत होते. आधी दोन, मग सहा, मग रांगच्या रांग. त्यांना वाटलं असेल, तोंड झाकलं की चाचीला कळणार नाही. अगं, तोंडं मी कधी नीट बघितली आहेत तुमची? मी तर हातच बघत आले. ही चंदाबाई, अंगठ्याच्या बुडाशी चटका लागलेला. ही पाटलाची सून, हिच्या हाताला साबण लावल्याशिवाय बांगडी चढत नाही. हा रुख्मिणीबाईचा, सुरकुतलेला, बांगड्या सैल झालेला. आणि समोर टेबलामागे हिरव्या काचेचा भरलेला चुडा वर गेला, तो मंजुषाचा. निवडून आल्यावर मीच भरला होता, पैसे न घेता.

मी खाली बसले.

तरीही मी मंजुषालाच माफ करत होते, बघा. घरी फुरकान, माझा मुलगा, संतापला तर त्यालाच दटावलं. म्हटलं, तिच्या नवऱ्यापुढे तिचं काय चालतं? गणेशने दम दिला असेल. बाकीच्या बायकांनाही त्यानेच फिरवलं असेल. बिचारीला घरात राहायचं आहे. रात्रभर मी तिची वकिली केली.

सकाळी रुख्मिणीबाईकडे गेले. ती तांदूळ निवडत होती, मला बघून सूप बाजूला ठेवलं.

"गनेश कधी आला होता तुमच्याकडे?" मी विचारलं.

"गनेश? तो कायले येते?"

"मंग हात काहून वर केला?"

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "अन्वरी, तुले खोटं नाही सांगत. मंजुषा आली होती. बायाइच्या सभेच्या आधी."

"आधी?"

"हो. म्हने, चाचीचं मन राखाचं हाये, सभेत समद्या हात वर करून द्या, तिले बरं वाटीन. ग्रामसभेत मंग आपलं आपल्याकडेच ठिवू. जुनी तं पडालेच आली. नवी मोहल्ल्यात झाली तं आपले पोट्टे तिकडे जाऊन जेवतीन काय?"

"तुमच्याच घरी आली होती का समद्याइच्या?"

रुख्मिणीबाईने पुन्हा सूप ओढलं. "समद्याइच्या. दारं तूच तं दाखवले होते तिले."

गणेशने माझ्या तोंडावर विरोध केला, तो परवडला. हिने माझा केसाने गळा कापला. तो सगळा खळखळाट, ते वर गेलेले हात, सगळं आधी ठरवून, माझं मन राखायला. आणि मी येडी घरी जाऊन पोरीला उचलून नाचले!

तशीच मंजुषाच्या दारात गेले. ती एकटीच होती, गणेश वाशिमला गेलेला. मला बघताच तिला सगळं कळलं असावं, कारण तिने 'काय झालं' म्हणून विचारलंच नाही.

"ये चाची, चहा ठिवतो."

"नको मले चहा. तिकडे जेवतीन काय म्हनली ना तू? शिरखुर्मा कुठं प्याली होती? इकडे?"

ती लाल झाली. "माह्यं काही नाही व चाची. मी कुठंबी जेवतो. पन गावात राहाचं हाये, लोकं नाही आयकत. पाच वर्षांनं पुन्हा त्याइच्याच दारात जाचं हाये मले."

"माह्या दारात नाही जाचं?"

"तुह्यी गोष्ट अलग हाये. तू आपली हायेस." ती जवळ आली, आवाज खाली केला. "आयक. लायबाले मी सोय करतो. गनेश रोज गाडीवर आनीन, गाडीवरच सोडीन. खाऊबी घरी पाठवतो. कोनी काही म्हननार नाही. झालं?"

खोटं कशाला बोलू, एक क्षण माझा जीव हलला. लायबाची उंच झालेली मान डोळ्यांपुढे आली. हो म्हटलं असतं तर सोमवारपासून पोर पलीकडे गाणी म्हणत बसली असती.

"अन् तनवीरचा पोट्टा?" मी विचारलं. "अन् बाकीचे?"

मंजुषाने हात पसरले. "समद्याइचं मी एकटी कसं करू, चाची?"

"मत मांगाले मी तुले एका माह्याच घरी नेलं असतं," मी म्हटलं, "तं निवडून आली असतीस काय?"

मी वळले आणि चालू लागले. डोळे भरून आले होते, पण रस्त्याच्या तिच्या बाजूला असेपर्यंत एक टिपूस पडू दिलं नाही. रस्ता ओलांडला आणि मग मात्र मला आवरलं नाही.