ताजी लाख

बाबांचा नियम होता : लाख आणि दूध ताजंच हवं. प्रत्येक गिटारीसाठी लाखेच्या पापड्या नव्याने स्पिरिटमध्ये विरघळवायच्या. पॉलिश उरलं तर ते घरातल्या खुर्च्यांना. जुनी लाख चढते झकास, चमकतेही. फक्त वाळत नाही.

म्हणून त्या दुपारी माझी मुलगी निजल्यावर मी बाबांनी घडवलेल्या नव्या गिटारीच्या पाठीवर, अगदी कडेला नख टेकवलं आणि ते लोण्यात रुतावं तसं रुतलं, तेव्हा मी बाबांना हाक मारली. शेवटचा हात मारून आठवडा होऊन गेला होता.

"हवा दमट आहे," बाबा म्हणाले. "वाळेल. लाकडापेक्षा तुलाच घाई."

हवा खणखणीत कोरडी होती. सकाळी दोरीवर टाकलेली झबली चहा होईपर्यंत कडक झाली होती.

"लाख कधी विरघळवलीत बाबा?"

"परवाच की! तूच नाही का बाटली हलवत बसली होतीस, हिला मांडीवर घेऊन?"

मी नव्हते बसले. कपाटात पापड्यांचं नवं पाकीट तसंच बंद होतं. शेजारी गेल्या वर्षीची बाटली, तळाशी बोटभर उरलेली.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण या गिटारीवर बाबांनी शब्द पणाला लावला होता. महिन्यापूर्वी गिटारीच्या कडा वाकवायचा तापता पाइप ते चालूच ठेवून जेवायला आले. परत गेले तोवर खालचा भुसा काळा पडून धुमसत होता. दादा दुसऱ्या दिवशी हजर, हातात कामाच्या खोलीसाठी नवंकोरं कुलूप.

"पुरे आता बाबा. उद्या घर पेटेल. पोर आहे घरात."

बाबांनी कुलूप त्याच्या हातातून घेऊन बाकावर ठेवलं. मग म्हणाले, "मास्तरीणबाईंची गिटार पुरी करू दे. नीट उतरली तर काम चालू. नाही उतरली तर हे कुलूप मी माझ्या हाताने लावीन, किल्ली तू ने." कुलूप तेव्हापासून बाकावरच पडून होतं, वेष्टनासकट.

आणि मास्तरीणबाई रविवारी गिटार न्यायला यायच्या होत्या. त्या संगीत शिकवतात. मागे डोकावल्या तेव्हा विचारत होत्या, "नुसतं एक बोट लावून बघू?" बाबा म्हणाले, "लावा. बोट इथेच ठेवून जावं लागेल."

दादाचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं. भुशाचा तो वास अजून माझ्या नाकात होता. पण बाबा लाकडाजवळून उठले की कसे दिसतात, तेही मी पाहिलं होतं. मांडीवरून पोर काढून घेतल्यावर आईचे हात जसे उगाच तसेच राहतात, तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या पापड्या विरघळवायला घातल्या आणि बाटली उन्हात ठेवली. येता-जाता हलवत राहिले, एका काखेत मुलगी. दुपारी तिला बाबांच्या कुशीत दिलं. नातीला झोपवायचं म्हणजे आधी आजोबा घोरणार, हे ठरलेलं. खोलीचं दार ओढून घेतलं, कामाच्या खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या आणि स्पिरिटच्या फडक्याने सगळं पॉलिश उतरवलं. फडकं तपकिरी, चिकट झालं. खालून बाबांचं लाकूड वर आलं. दोन फळ्यांचा सांधा शोधावा लागत होता. इतकं नेमकं करणारा माणूस बाटली चुकतो?

मग पॉलिश चढवायला कापसाची मुठीएवढी गादी केली, वरून मुलीच्या जुन्या झबल्याचं कापड. घरातलं सर्वात जास्त धुतलेलं कापड, हाही बाबांचाच नियम. लहानपणी माझे फ्रॉक असेच गेले. नव्या लाखेत भिजवून, थेंबभर तेल लावून गादी फिरवायला लागले. फिरती गादी मध्येच थांबली की चिकटते आणि खालचा थर उचलून आणते.

नेमकी तेव्हाच मुलगी रडली.

माझे हात गिटारीवर आणि सगळा जीव दाराकडे. छातीत दूध दाटून आलं.

"थांबू नकोस," मागून आवाज आला. बाबा दारात होते, खांद्यावर हुंदके देणारी नात. "कडेपर्यंत ने. हं. आता उचल. निजलेल्या पोराच्या कपाळावरून हात काढतो तशी."

मी उचलली. डाग नव्हता. वळून बघायची हिंमत मात्र होईना.

त्यांनी उन्हातली बाटली पाहिली, तपकिरी फडकं पाहिलं, हुंगलं.

"जुनी होती?"

"हो."

"आणि तू मला न सांगता..."

"तुम्ही कुलूप लावलं असतं."

"लावलंच असतं. शब्द दिलाय."

"लाकूड तुमचं आहे बाबा. सांधे तुमचे. फक्त बाटली चुकली."

"आज बाटली," ते म्हणाले. "त्या दिवशी पाइप. लेकी, मला कळतं गं. कळतं, आणि मग तेही विसरतो."

मुलगी त्यांच्या शर्टाचं बटण चोखत होती. त्यांनी बाकावरचं कुलूप उचललं, वेष्टन दातांनी फाडलं. पण ते दाराकडे गेलेच नाहीत. बाटल्यांच्या कपाटाकडे गेले. तापता पाइप आत ठेवला, कडीत कुलूप अडकवलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"आत काय आहे ते तू बघायचं. बाहेरचं मी. दादाला मी सांगेन, शब्द अर्धा पाळला म्हणून."

शनिवारी मी शेवटचा हात देत होते. नख आता रुतत नव्हतं. गिटारीच्या चकचकीत पाठीत खिडकी उमटली होती. मुलगी चटईवर चमचा आपटत होती. बाबा आत आले आणि सवयीने कपाटापाशी गेले. कुलूप ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं.

"हे कुणी लावलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढला होता. "माझ्याच कपाटाला? दादाने ना?"

गादी फिरत होती. मध्येच थांबता येत नव्हतं. मी ती कडेपर्यंत नेली, हलकेच उचलली, आणि मग त्यांच्याकडे गेले.