बसायची जागा

बुधवारी सकाळी पदूचा पाय दुखायचा थांबला.

तीन आठवडे त्या पायानं त्याला धड झोपू दिलं नव्हतं. माथेरानला दस्तुरी नाक्यावर उतरलेल्या पर्यटकांच्या बॅगा डोक्यावर घेऊन हॉटेलापर्यंत पोचवायच्या, हे त्याचं पंधरा वर्षांचं काम. डोंगराच्या पायथ्याशी त्याची वाडी. तिथून सकाळी पायवाटेनं चढायचं, संध्याकाळी उतरायचं. तीन आठवड्यांपूर्वी चाकांची एक बॅग उचलताना कमरेत कट्‌कन काहीतरी झालं आणि तो तिथंच गुडघ्यांवर बसला. तेव्हापासून कळ कमरेतून निघून आधी उजव्या पायात उतरायची, मग दोन्ही पायांत उतरायला लागली. खोकला आला तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची.

आणि आज कळ नव्हती. पदूला बरं वाटलं. तो पाण्याचा तांब्या घेऊन घरामागच्या कुडाच्या आडोशाला गेला.

लघवी होईना. काल दुपारपासून झाली नव्हती हे त्याला तेव्हा आठवलं. ओटीपोट हाताला टणक लागत होतं, पण लागलीय असं काही वाटतच नव्हतं. तो बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं बसून अंगावर पाणी घेतलं. मांडीवर ते गार लागलं. मांड्यांच्या मध्ये काहीच लागलं नाही. त्यानं तिथं चिमटा घेतला. जोरात घेतला. दुसऱ्याच कुणाला चिमटा काढावा तसं ते होतं.

तांब्यातलं उरलेलं पाणी त्यानं पुन्हा तिथंच ओतलं. काहीच नाही.

कर्जतला स्टेशनपासून थोड्या अंतरावर एका संस्थेचा दवाखाना होता. तिथं बुधवारी आणि शनिवारी नम्रता मॅडम यायच्या. व्यायामवाल्या मॅडम, असं सगळे म्हणायचे. वय असेल सव्वीस-सत्तावीस. पहिल्याच दिवशी त्यांनी पदूला सांगितलं होतं, की नुसतं पडून राहू नका, थोडं थोडं चाला, वाकून काही उचलू नका. आणि शेवटी, त्याच्याकडे सरळ बघत, म्हणाल्या होत्या, "एक गोष्ट नीट ऐका. बसायची जागा बधिर झाली, लघवी अडकली किंवा झालेली कळेनाशी झाली, तर माझी वाट बघायची नाही. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जायचं." आपल्या भाचीच्या वयाची पोरगी असलं काही बोलते म्हणून पदूनं मान खाली घातली होती. घरी आल्यावर बायकोला, ललिताला, त्यानं चालण्याचं सांगितलं. हे सांगितलं नाही.

आता कुडाआड बसून त्याला त्यातला शब्द न् शब्द आठवत होता.

"अवो, झालं का?" ललितानं आतून हाक मारली. "रिक्षा येल आता."

"आलो," तो म्हणाला.

तिला सांगितलं तर ते खरं होईल, असं त्याला वाटत होतं. त्यानं मनाशी ठरवलं, आज बुधवारच हाय, मॅडम काहीतरी व्यायाम देतील, नस मोकळी होईल. वाडीतल्या संतोषच्या रिक्षात बसला तेव्हा खालची सीट त्याला लागलीच नाही. हवेत बसल्यासारखं वाटलं. त्यानं दोन्ही हातांनी वरचा दांडा घट्ट धरला. ललिता म्हणाली, "आज तोंड पांढरं कशानं पडलंय?"

"पाय बरा हाय आज," तो म्हणाला.

दवाखान्यात नम्रता मॅडमनी हसून विचारलं, "काय पदूदादा, कसं आहे?"

"पाय दुखायचा थांबला."

त्या हसायच्या थांबल्या. "पूर्ण थांबला? एकदम?"

"हां."

"जरा या भिंतीला हात लावून उभे राहा. आता चवड्यांवर उभं राहा, टाचा वर."

डावी टाच उचलली गेली. उजवी जमिनीवरच राहिली. पदू खाली बघत राहिला. त्यानं पुन्हा जोर केला. पाय आपला असून ऐकत नव्हता. मॅडमनी त्याला खाटेवर निजवलं आणि पायांचे दोन्ही अंगठे वर उचलायला सांगितले. उजवा अंगठा जेमतेम हलला.

"लघवीला नीट होतं का?"

"होतं."

"शेवटचं कधी झालं?"

"सकाळी झालं की."

मॅडम त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. पदूनं भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राकडं नजर लावली. ललिता दाराशी स्टुलावर बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "झालं कुठं? आर्दा घंटा आडोशाला बसला होता. मी दोनदा हाका मारल्या."

"तू गप गं!"

"का गप? आन् काल रातीला पन उठला नाय. रोज दोनदा उठता तुमी."

बाहेर रस्त्यावर कुणाचा तरी टेंपो मागं घेताना टुंग टुंग वाजत होता. मॅडम खाली वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, मला लाज वाटत नाही आणि तुम्हीही लाजू नका. फक्त हो की नाही सांगा. बसायच्या जागेवर हात लावलेला कळतो का?"

पदूच्या डोळ्यांतून पाणी आलं. कानाच्या पाळीवरून ते खाटेवर पडलं.

"नाय कळत," तो म्हणाला. "पानी टाकलं तं पन नाय कळलं. सकाळधरनं. काल दुपारपासनं लघवी नाय."

मॅडम उठल्या. त्यांनी फोन हातात घेतला, पण पहिला नंबर चुकीचा लागला, दुसऱ्यांदाही चुकला. ते बघून पदू पहिल्यांदा खराखुरा घाबरला. शिकलेली माणसं घाबरतात तेव्हा काहीतरी मोठं असतं.

त्या ललिताला समजावून सांगायला लागल्या. मणक्यामधली गादी सरकून खालच्या नसांवर दाबून बसलीय. लघवी, संडास, पाय, सगळ्याच्या नसा तिथूनच जातात. दाब लवकर काढला नाही तर त्या मरतात. "दुखायचं थांबलं ते बरं झालं म्हणून नाही, वहिनी. नस बधिर पडतेय म्हणून थांबलं."

"ऑपरेशन?" ललितानं विचारलं.

"आजच. आज व्हायला पाहिजे."

"आमची गोदामावशी कंबर उतरवती, तिला एकदा..."

"नाही!" मॅडम इतक्या जोरात म्हणाल्या, की बाहेर बसलेली बाई डोकावली. "कुणी हात लावायचा नाही कमरेला. मालिश नाही, ओढणं नाही, माझा व्यायामसुद्धा नाही."

अँब्युलन्स दूर होती. संस्थेच्या हर्षदनं आपली गाडी काढली. मागच्या सीटवर पदूला आडवं केलं, ललितानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मॅडमनी एक चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. "दारात जो डॉक्टर भेटेल त्याच्या हातात ही द्या. रांगेत उभं राहू नका. विचारलं तर म्हणायचं, लघवी अडकलीय आणि बसायची जागा बधिर आहे. मोठ्यानं म्हणायचं."

चौक गावाच्या पुढं हायवेवर गाड्या अडकल्या होत्या. हर्षद हॉर्न वाजवत होता आणि शिव्या देत होता. गाडी खड्ड्यातून गेली की पदूच्या पाठीत कळ यायची, पण खाली, पायांकडं, सगळं शांत. ती शांतता चढत चढत कमरेवर येईल आणि मग छातीवर येईल, असं त्याला वाटत होतं. तो बोटांनी मांडी दाबून बघायचा, कुठपर्यंत कळतंय. थोड्या वेळानं पुन्हा बघायचा.

"ललिते," तो म्हणाला, "मी असाच राहिलो तर?"

"गप पडा."

"नळी लावून पडून राहिलो तर? आपल्या पोरींचं कसं व्हायचं?"

ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पाठ करत होती. पदूनं कान दिला. ती म्हणत होती, लघवी अडकलीय, बसायची जागा बधिर हाय. लघवी अडकलीय, बसायची जागा बधिर हाय.

पनवेलच्या पुढच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात दारातच शंभर माणसं होती. चवथीच्या पुढं न शिकलेली, परक्या माणसापुढं पदर सावरून बोलणारी ललिता रांग मोडून पुढं गेली आणि पांढरा कोट दिसला त्याच्यासमोर चिठ्ठी धरून ओरडली. सगळी रांग वळून बघायला लागली. स्ट्रेचरवर पडलेल्या पदूनं डोळे मिटून घेतले. पण तो डॉक्टर धावत आला.

नळी घातली तेव्हा लिटरभर लघवी निघाली. नळी घातलेलीही पदूला कळली नाही. मग त्याला मशीनच्या बोगद्यात सरकवलं. आत ठोकल्यासारखे आवाज होत होते, हलायचं नाही असं सांगितलं होतं, आणि त्याला एवढंच वाटत होतं की आपल्याला जिवंतपणी कुठंतरी पुरतायत. दुपारी सहीचा कागद आला. त्यावर लिहिलं होतं की ऑपरेशन केलं तरी लघवीवरचा ताबा येईलच अशी खात्री नाही. तरुण डॉक्टरनं ते वाचून दाखवलं. ललितानं अंगठा न लावता सही केली, एक एक अक्षर काढत. दिवस मावळायच्या आत पदूला आत घेतलं.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा उजव्या पायाचा अंगठा हलवला. हलला. पण चौथ्या दिवशी नळी काढली आणि लघवी झालीच नाही. नळी पुन्हा घातली. घरी सोडताना नर्सनं त्याला बारीक नळी स्वतः घालायला शिकवली, दिवसातून चार वेळा, हात साबणानं धुऊन. पदू ते करताना दाराला आतून कडी लावायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, हे आता जन्माचं.

टाके सुकले आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा तो पुन्हा नम्रता मॅडमकडे जायला लागला. त्यांनी चालणं ठरवून दिलं, आणि खालचे स्नायू आवळायचे कसे ते शिकवलं. "वारा सुटू नये म्हणून आपण आवळून धरतो ना, तसं. श्वास रोखायचा नाही. पाच मोजायचे, सोडायचं. सोडणंही तेवढंच महत्त्वाचं." पहिल्या आठवड्यात पदूला काही होतंय की नाही हेच कळेना. अंधारात हात घालून काहीतरी शोधावं तसं. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी थोडी लघवी आपोआप झाली. तो बाहेर आला, ललिता वाल सोलत होती, तिला म्हणाला, "झाली." ती तशीच वाल हातात धरून रडायला लागली.

सगळं मात्र परत आलं नाही. उजव्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिरच राहिली. आणि आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं चार खेपा मनात ठेवली. पाचव्या खेपेला ललिता बाहेर बसलेली असताना त्यानं मॅडमना विचारलं, "नवराबायकोचं... ते पन गेलं का?"

मॅडमनी नेहमीच्याच आवाजात सांगितलं की त्याच नसांचा तो भाग आहे, वेळ लागतो, वर्षभरसुद्धा लागतो, काही वेळा पूर्ण येत नाही, पण त्यावर उपाय असतात. डॉक्टरांसाठी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मग म्हणाल्या, "वहिनींशी बोललात?"

"नाय."

"बोला."

"परत होईल का वो हे? ती गादी सरकायचं?"

"होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "म्हणून ओझं डोक्यावर घ्यायचं नाही. आणि काही वेगळं वाटलं, की त्याच तासाला सांगायचं."

खोटा धीर न देता त्या बोलल्या, म्हणून पदूला त्यांचा राग आला आणि विश्वासही वाटला.

दवाखान्यातून निघाल्यावर दोघं रिक्षा न करता उल्हास नदीच्या पुलावरून चालत निघाले. पदू हळू चालत होता. पुलाच्या मध्यावर तो थांबला, कठड्याला टेकला.

"दुखतंय?" ललितानं विचारलं.

"नाय. भीती वाटती. रोज सकाळी उठायच्या आधी वाटती." मग खाली पाण्याकडं बघत त्यानं तिला बाकीचं सांगितलं, चिठ्ठी कशाची आहे तेही.

एक मालगाडी लांबून जात होती, तिचे डबे संपेपर्यंत ललिता तिकडंच बघत होती.

"मला काय वाटत नाय व्हय भीती?" ती शेवटी म्हणाली. "मी तं तुमी झोपल्यावर तुमचा पाय हलतोय का बघती." तिनं चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली, घडी करून आपल्या पिशवीत ठेवली. "कंच्या दिवशी जायचंय डॉक्टरकडं?"

"सोमवारी."

"मी येती," ती म्हणाली, आणि त्याला चालता येईल एवढ्याच वेगानं चालायला लागली.