लोटलेलं दार

चैताली तायडेला एम.फिल.चा विषय मिळाला, पण सुरतेजवळच्या उधन्याच्या चाळीत तो कोणाला नीट सांगता येईना. आधुनिक अरबी आणि फारसी कविता, आणि नव्या साहित्यसिद्धान्तांच्या मदतीनं त्या कशा वाचायच्या, असं ती म्हणायची. तिचे वडील श्रीपत रेल्वेत फिटर होते. भुसावळहून बदली होऊन उधन्याला आले आणि इथेच रिटायर झाले. ते शेजाऱ्यांना सांगत, "पोरगी अरबस्तानच्या कवितांवर शिकते," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत दुसरंच काही काढत.

चैतालीला अरबीही येत नव्हती आणि फारसीही. ती इंग्रजी भाषांतरांवरून वाचायची. त्यातली एक इराकी कविता तिला फार आवडली होती. युद्धाच्या काळातली बाई रात्रीची आवराआवर करते. भाकरी झाकते, दिवा मंद करते, आणि शेवटी म्हणते, 'दार मी उघडं ठेवलं.' चैतालीनं त्या उघड्या दारावर पंधरा पानं लिहिली. उंबरठा म्हणजे बाईला घातलेली मर्यादा, आणि दार उघडं ठेवणं म्हणजे ती मर्यादा नाकारणं, असं त्या पानांचं सार होतं.

तिचे मार्गदर्शक डॉक्टर वशी यांनी पानं वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लिहिलंय चांगलं," ते म्हणाले. "पण हे कुठल्याही दाराबद्दल लिहिता येईल. आपला सिद्धान्त काय सांगतो? वाचणारा कविता पुरी करतो. मग तिथला वाचणारा कुठाय? सुरतेत बसून तू एकटीच वाचतेस, त्याला सेमिनारमध्ये कोण विचारणार?"

तिथला वाचणारा सुरतेतच सापडला. इच्छानाथकडे इंजिनिअरिंग कॉलेजात कासिम नावाचा एक इराकी माणूस पीएच.डी. करत होता. त्याची बायको विदाद बसऱ्याची, तिकडे शाळेत अरबी शिकवायची. ती दोघं एकोणनव्वद साली आली होती. नंतर तिकडे दुसरं युद्ध झालं, निर्बंध आले, आणि त्यांचं परत जाणं लांबत गेलं. आता एक्याण्णव सरत आलं होतं. सोसायटीतल्या बायका तिला विदादबेन म्हणत आणि तिला ते आवडत असे.

चैतालीनं घरी हे सांगितलं तेव्हा तिची आई काशीबाई भाजी निवडत होत्या. "बसरा? मोत्यांचं बसरा?" त्यांनी विचारलं. "तिथं खरंच लोकं राह्यतात का?"

विदाद पस्तिशीची होती, हसरी आणि मोकळी. तिच्याकडे वाळवलेल्या लिंबाचा काळपट चहा मिळायचा. बसऱ्याहून आणलेली लिंबं संपली तेव्हा तिनं सुरतेची लिंबं गॅलरीत वाळत घालून पाहिली होती. "तशी होत नाहीत," ती म्हणाली, "पण नाहीपेक्षा बरी." दोघी हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलत. चैताली आठवड्यातून दोनदा जाऊ लागली. विदाद तिला मूळ कविता मोठ्यानं वाचून दाखवी, मग एकेक शब्द सोडवून सांगे. कधी भाषांतर चुकलेलं निघे आणि दोघी हसत.

त्या कवितेपाशी आल्यावर विदाद थांबली.

"इथं उघडं असं नाहीच," ती म्हणाली. "शब्द आहे 'मुवारब'. म्हणजे..." ती उठली, खोलीचं दार ओढून घेतलं, पण कडी लावली नाही. बोटभर फट राहिली. "असं. लांबून बघणाऱ्याला बंद दिसतं. पण हातानं ढकललं की उघडतं."

"आम्ही याला लोटलेलं दार म्हणतो," चैताली म्हणाली.

"तुमच्याकडे शब्द आहे तर." विदादला बरं वाटलं. "आमच्याकडे त्या वर्षांत पुष्कळ घरांची दारं अशी असायची."

"का?"

विदादनं चहा ओतला. मग हळूहळू सांगितलं. तिचा धाकटा भाऊ इराणच्या आघाडीवर होता. सत्त्याऐंशी साली तो पळून आला. पळालेल्या शिपायाला तिथं गोळी घालत, आणि घरच्यांनाही सोडत नसत. आईला आतून वाटत होतं की तो येईल, म्हणून ती दाराला कडी लावू देत नसे. तो आला. त्यांनी त्याला धान्याच्या कोठीमागे लपवलं. काही दिवसांनी तो पाणथळीतून पलीकडे निघून गेला. जिवंत आहे की नाही, कोणालाच माहीत नाही. सरकारी कागदावर तो लढाईत बेपत्ता आहे, आणि आई बेपत्ता मुलाची आई म्हणून सन्मानानं राहते.

"कासिमलासुद्धा मी लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितलं," विदाद म्हणाली. "तुला का सांगितलं, कोण जाणे. कवितेमुळे असेल."

चैतालीनं तिचा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण बसनं परत जाताना, उधना दरवाज्याच्या आसपास, तिच्या मनात पहिलं वाक्य तयार झालं. घरी पोचेपर्यंत परिच्छेद झाला होता.

तिनं जुनी पानं फाडून टाकली आणि नवा निबंध लिहिला. भाषांतरातल्या एका शब्दानं कविता कशी उलटी होते, आणि ज्या वाचकानं ते दार प्रत्यक्ष लोटलेलं पाहिलंय तो कविता कशी पुरी करतो, असं त्यात होतं. भावाची सगळी हकिकत होती. नाव कुठंच नव्हतं. 'बसऱ्याची एक वाचक' एवढंच लिहिलं होतं. विदादला विचारावं असं तिच्या मनात आलं होतं. नंतर तिनं स्वतःला सांगितलं की नाव नाही, तर विचारायचं काय?

वशीसरांनी निबंध शेवटपर्यंत वाचला. "आता हा निबंध झाला," ते म्हणाले.

सेमिनार फेब्रुवारीत झाला. बडोद्याचे, दिल्लीचे प्राध्यापक आले होते. चैताली नवी सुती साडी नेसून गेली. तिनं वाचायला सुरुवात केली तेव्हा मागे कुजबुज होती. कोठीमागच्या भावापाशी ती आली तेव्हा सभागृह शांत होतं. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. दिल्लीच्या एका बाईंनी निबंध संग्रहासाठी मागितला. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि शेवटच्या रांगेतून एक परदेशी मुलगा उठला. टेक्सटाइल शिकायला आलेला होता, इंग्रजी अडखळत बोलत होता.

"त्या बाई," त्यानं विचारलं, "पुस्तकातल्या आहेत की तुम्ही त्यांना भेटलात?"

"भेटले," चैताली म्हणाली. तिला स्वतःच्या आवाजातला आनंद ऐकू येत होता. "इथेच राहतात, सुरतेत. माझी मैत्रीण आहे. नाव मात्र मी सांगणार नाही." लोक कौतुकानं हसले. मुलगा आभार मानून खाली बसला.

दुसऱ्या आठवड्यात ती इच्छानाथला गेली तेव्हा दार कासिमनं उघडलं. त्यानं तिला आत बोलावलं, बसायला सांगितलं, आणि स्वतः उभाच राहिला. विदाद स्वयंपाकघरातून आली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर चैतालीला सोपं गेलं असतं.

"परवा एक मुलगा आला होता," विदाद म्हणाली. "आमच्याच देशाचा. बरोबर मिठाई होती. माझ्या आईची चौकशी केली. मग भावाची केली. तो कुठल्या तुकडीत होता, कधीपासून पत्ता नाही, सगळं प्रेमानं विचारलं. जाताना म्हणाला, तुमची मैत्रीण फार छान बोलली."

चैतालीला काय झालं ते कळायला एक क्षण लागला. मग तिला शेवटच्या रांगेतून उठलेला मुलगा आठवला.

"मी नाव घेतलं नाही," ती म्हणाली.

"सुरतेत बसऱ्याची घरं किती आहेत, चैताली?"

कासिम पहिल्यांदाच बोलला. परदेशी शिकणाऱ्यांची माहिती वकिलातीला कळवणारी मुलं असतात, त्याबद्दल त्यांना काहीतरी मिळतं, असं त्यानं शांतपणे सांगितलं. हा मुलगा त्यातलाच आहे असं तो खात्रीनं म्हणत नव्हता. पण तिकडे विदादची आई एकटी आहे, आणि आपल्याला खात्री होईपर्यंत वाट बघता येणार नाही.

"मला वाटलं..." चैतालीनं सुरुवात केली.

"तू विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते," विदाद म्हणाली. "तुला ते माहीत होतं. म्हणून तू विचारलं नाहीस."

तसंच होतं. काही वेळानं विदादनं तिला पाणी आणून दिलं. पाणीसुद्धा न देता तिनं जायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं चैतालीला वाटलं.

घरी तिनं कोणाला काही सांगितलं नाही. जेवली नाही, तेव्हा काशीबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. मग चैतालीनं सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. काशीबाई ऐकत राहिल्या.

"तू लहान व्हतीस," त्या म्हणाल्या. "एक बाई आली व्हती चाळीत, सर्वे कराले. लई गोड बोले. माह्या मायले गावात काय काय करा लागे, पाणी कसं वरून वाढत, सगळं म्या तिले सांगलं. माह्याजवळ बसून चहा पेली ती, म्हनून सांगलं. मंग ते गुजराती पेपरात आलं. माहं नाव, चाळीचं नाव. गिरणीत कामाले जानाऱ्या बाया मले वाचून दाखवू लागल्या. कोनी वाईट बोललं नाही. पण म्या महिनाभर नळावर गेली नाही, तुहे बाबा पाणी भरत."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तिनं खोटं थोडंच लिहिलं व्हतं." काशीबाई उठल्या. "तुह्या लिहिण्यातबी खोटं नसंल."

चैतालीला वाटलं होतं, आई एखादा शब्द धीराचा बोलेल. तो आला नाही, आणि तिला तो मागताही आला नाही.

ती वशीसरांकडे गेली आणि निबंध संग्रहात द्यायचा नाही असं सांगितलं. सरांना पटलं नाही. भावाचा भाग काढून टाक, बाकी ठेव, ते म्हणाले. तिनं रात्री तसं करून पाहिलं होतं. भाऊ काढल्यावर खाली फक्त एका शब्दाचा अर्थ उरत होता, आणि तोही विदादनं दार ओढून दाखवलेला. त्यातलं चैतालीचं काय होतं, ते तिला सापडलं नव्हतं.

"तू भावनेच्या भरात आहेस," सर म्हणाले. "एकदा सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याची राहत नाही. आपण हेच तर शिकवतो."

"पण सर, त्रास सांगणाऱ्यालाच होतोय," ती म्हणाली. सरांनी दिल्लीला पत्र लिहून निबंध मागं घेतला. त्यानंतर तिच्याशी ते कामापुरतंच बोलले.

कासिमनं प्रबंध अर्धवट सोडायचं ठरवलं. अम्मानमध्ये त्याचा चुलतभाऊ होता. तिथं पोचलं की विदादच्या आईला बोलावून घेता येईल, निदान निरोप तरी पाठवता येईल, असा त्यांचा विचार होता. विमान दिल्लीहून होतं. दिल्लीच्या गाडीचं आरक्षण मिळत नव्हतं. चैतालीला हे सोसायटीतल्या एका बाईकडून कळलं. तिनं वडिलांना सगळं सांगितलं. श्रीपतनी काही विचारलं नाही. जुन्या ओळखी धरून ते दोन दिवस स्टेशनवर खेटे घालत राहिले आणि दोन बर्थ मिळवून आणले. तिकिटं द्यायला ते स्वतः इच्छानाथला गेले. चैताली गेली नाही.

निघायच्या दिवशी मात्र ती स्टेशनवर गेली. श्रीपत हमालाच्या बरोबरीनं पेट्या उचलत होते. कासिम त्यांना थांबवत होता आणि ते ऐकत नव्हते. काशीबाईंनी वाटेसाठी पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. विदादनं ती शिदोरी दोन्ही हातांनी घेतली, काशीबाईंना मिठी मारली आणि अरबीत काहीतरी म्हणाली. काशीबाईंनी मराठीत "सुखरूप जा, बाई" म्हटलं.

मग विदाद चैतालीसमोर आली. चैतालीनं रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता तिला खरं वाटेना.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"हो," विदाद म्हणाली. "मी तुला माफ केलं असं म्हणणार नाही. आई भेटली, तर म्हणेन. तोवर म्हणता येणार नाही."

चैतालीनं मान हलवली. विदादनं तिच्या दंडाला हात लावला, क्षणभरच, आणि ती डब्यात चढली. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून कासिमनं हात हलवला. विदाद आतल्या बाजूला बसली होती.

परतीच्या लोकल गाडीला वेळ होता. काशीबाई बाकावर बसल्या. श्रीपतनी रुमालानं मान पुसली आणि लेकीशेजारी उभे राहिले.

"त्याहीनं तिकडचा पत्ता देला का?"

"नाही."

"तू मांगला का?"

"नाही, बाबा."

श्रीपतनी रुमाल खिशात ठेवला. "बरं केलं," ते म्हणाले, आणि चहा आणायला गेले.