शोकेसची काच

गिरगावातल्या आमच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मालकाच्या मुलानं माझ्या हातात एक लाकडी पेटी ठेवली. "जयवंतकाका, ही तुम्हीच न्या. भंगारवाला नको म्हणाला." भंगारवाल्यानं नाकारलेली वस्तू घेऊन मी लालबागला घरी आलो. म्हटलं, चला, आपल्याला जोडीदार मिळाला.

पेटीत स्फेरोमीटर होता. आम्ही त्याला तिपाई म्हणायचो. तीन पाय आणि मधोमध एक स्क्रू. आधी ती सपाट काचेवर ठेवायची. स्क्रूचं टोक काचेला जेमतेम टेकलं की ते शून्य. मग लेन्सवर ठेवायची. शून्यापासून स्क्रू किती वर-खाली सरकला, त्यावरून लेन्सची गोलाई कळते. जहाजांवरच्या दुर्बिणींच्या लेन्स माझा जोडीदार माधव घासायचा आणि मी मोजायचो. दुपारी एकाच डब्यातलं जेवायचो. मी सडाफटिंग, म्हणून कुमुदवहिनी त्याच्या डब्यात एक भाकरी जास्तीची द्यायच्या.

एकवीस वर्षांपूर्वी माझ्या हातून ती सपाट काच फुटली. मालक तापट होता. मी गुपचूप हिंदमाताजवळच्या काचवाल्याकडून शोकेसच्या काचेचा तुकडा कापून आणला. काच ती काच, असं स्वतःला सांगितलं आणि तोंड मिटून बसलो. त्याच आठवड्यात माधवच्या अठराच्या अठरा लेन्स मापात चुकल्या.

"जयवंता, काम बरोबर आहे. तुझं शून्य तपास," तो सगळ्यांसमोर म्हणाला.

माझं पित्त खवळलं. खरं तर मी घाबरलो होतो.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो.

सगळे हसले. मालकानं माधवला घरी बसवलं. पुढच्याच महिन्यापासून बाहेरून तयार लेन्स येऊ लागल्या, घासणं आणि मोजणं दोन्ही संपलं, आणि माझी चूक कुणाला दिसायची वेळच आली नाही. माधवकडे मी परत कधी गेलो नाही.

आता कारखानाही नाही आणि घरात दुसरं माणूस नाही. टीव्हीशी तरी किती भांडणार? पेटी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिपाई काढली आणि पेटीतच तळाशी पडलेल्या त्या शोकेसच्या तुकड्यावर ठेवली. सपाट काचेवर कुठंही ठेवा, शून्य हलत नाही. माझ्या तुकड्यावर तीन जागी तीन वेगळी शून्यं आली. अंगणच वाकडं होतं. मला रडू आलं, आणि विचारायला कुणी नाही म्हणून जास्तच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी आणि तो तुकडा पिशवीत घालून मी माझगावला गेलो. दार माधवनंच उघडलं. पार वाळला होता. समोरच्या भिंतीवर कुमुदवहिनींचा फोटो होता, हार घातलेला.

"कधी?" मी विचारलं.

"गेल्या पौषात. बस."

मी सगळं सांगितलं. काच कशी फुटली, तुकडा कुठून आणला, का बोललो नाही. वाटलं होतं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला माहीतच होतं रे," तो म्हणाला. "माझ्या हातचं काम मला नाय कळणार? मला सांगून काय उपयोग? हिला सांगायला हवं होतंस. शेवटपर्यंत म्हणायची, तुमचाच हात बिघडला असणार. जयवंतभावोजी कशाला खोटं मोजतील?"

मी पिशवीतून तिपाई काढून त्याच्यापुढं ठेवली.

त्यानं कपाटातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत एक जाड, सपाट काच होती आणि त्या अठरांतली एक लेन्स.

"हे दोन्ही होतं माझ्याकडे. तिपाई तेवढी नव्हती. मोज."

मी त्याच्या काचेवर शून्य घेतलं. तीन जागी तपासलं, हललं नाही. मग तिपाई लेन्सवर ठेवली. माप आलं ते अगदी बरोबर. माधवनं कॅलेंडरचं जुनं पान फाडून पुढं केलं. मी त्यावर आकडा लिहिला, 'लेन्स मापात आहे, चूक माझी' असं लिहिलं आणि खाली सही केली.

त्यानं तो कागद फोटोच्या चौकटीत खोचला. फोटोवरचा हार सरळ केला.

"तिपाई इथंच राहू दे," माझ्याकडे न वळताच तो म्हणाला. "तू नीघ आता."

मी जिना उतरलो. रस्त्यावर आल्यावर पिशवीतून काहीतरी पायाला टोचलं, म्हणून आत हात घातला. शोकेसच्या काचेचा तुकडा तेवढा माझ्याकडे राहिला होता.