सायलेन्सरवरचा डबा

आमच्या दाजींची बर्फगाडी अठरा वर्षांची होती आणि दाजी बासष्टचे. दोघंही सकाळी एका झटक्यात सुरू होत आणि दोघांनाही चढावर दम लागे. फरक एवढाच, की गाडी ते कबूल करायची.

दाजी म्हणजे योव्ना, माझ्या थोरल्या बहिणीचा, सुन्नाचा नवरा. दर वसंतात आमच्या गाभण रेनडिअर माद्या पठार ओलांडून समुद्राकडे निघतात आणि आम्ही त्यांच्यामागून. त्यांना कुणी नेत नाही. त्या जातात, आणि आपण त्यांना नेतो आहोत असं पुरुष समजतात. वाटेत गोब्बाजाव्रीचं तळं लागतं. मे उजाडला की त्याचा बर्फ भरवशाचा राहत नाही. म्हणून रात्रीच्या कडक बर्फावरून चालायचं आणि दिवसा बर्फ भुसभुशीत झाला की तंबूत पडून राहायचं.

त्या वर्षी एप्रिल संपायला चार दिवस होते, तळं दोन मजलांवर होतं, आणि दाजींच्या गाडीने असहकार पुकारला. अर्धा तास उत्तम चालायची. मग समोरचा दिवा पिवळा पडायचा, इंजिन मिसिंग मारायचं, जोर दिला की नुसतं गुरगुरायचं. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा नव्यासारखी. कळपाच्या शेपटीला राहून थकलेली जनावरं हाकायचं काम दाजींचं. एका मजलेत ते पाच वेळा थांबले आणि पाचही वेळा सगळा कळप खोळंबला.

दाजींचा भाचा आंते आता गटाचा पुढारी. तो दाजींशेजारी येऊन बसला आणि फार प्रेमाने म्हणाला, "मामा, तुमची जनावरं मी माझ्याबरोबर नेतो. तुम्ही आणि मामी घरी जा. पुढच्या वर्षी बघू."

रागाने म्हणाला असता तर दाजींनी दोन शब्द सुनावले असते. प्रेमापुढे माणूस काय करणार? एका वसंतात ज्याने आपली जनावरं दुसऱ्याच्या हवाली केली, त्याला पुढच्या वसंतात कुणी विचारतच नाही. अशी सात माणसं मला ठाऊक आहेत. सातांतला एकही परत पठारावर आला नाही. दाजींनाही ते सात ठाऊक होते.

दाजींची जनावरं किती होती, हे मी सांगणार नाही. आमच्यात ते विचारणं म्हणजे परक्याच्या खिशात हात घालणं. मी कधी विचारलं नाही. माझ्यासमोरून जाताना मोजली, एवढंच.

तोवर चार जणांनी चार उपाय करून झाले होते. आंतेने स्पार्क प्लग बदलले. जुने काळेकुट्ट आणि ओले निघाले. दुसऱ्याने पेट्रोलमध्ये पाणी आहे असं ठरवून स्पिरिट ओतलं. तिसऱ्याने कार्बोरेटर उघडला आणि त्यातली एक स्प्रिंग बर्फात पाडली. ती शोधायला तासभर सगळे गुडघ्यांवर रांगत होते. चौथ्याने बेल्ट बदलला. गाडी होती तशीच राहिली, पण आपण काहीतरी केलं याचं समाधान चौघांच्या चेहऱ्यावर दिसू लागलं.

मी म्हटलं, बिएराला बोलवा. तंबूत सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

बिएरा आमच्याच गटातला. बाप गेल्यावर, नऊ वर्षांपूर्वी त्याने जनावरं विकली आणि गावात गाड्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. आमच्यात प्रत्येक माणसाची एक धून असते, गळ्यातल्या गळ्यात गायची. तिला योइक म्हणतात. कुणी कुणाचा योइक केला, की तो त्या माणसाचा होतो, नाक-डोळ्यांसारखा. करणाऱ्यालाही तो परत घेता येत नाही. बिएराने जनावरं विकली त्या हिवाळ्यात दाजींनी त्याचा योइक केला होता. शब्द चारच: शिंगं विकली, पाने घेतले. मधे पान्यांची खणखण. इतका फक्कड जमला होता, की पोरं अजून त्याच्या दुकानासमोरून तो म्हणत जातात.

शेवटी फोन मीच केला. बिएराने एवढंच विचारलं, "काकांना माहीत आहे का, तू मला बोलावते आहेस?" मी म्हटलं, इथेच बसलेत. तो म्हणाला, "मग येतो."

सकाळी नऊच्या सुमारास, बर्फ मऊ पडायच्या आत, तो साठ किलोमीटर तोडून पोचला. ताईने त्याला कॉफी दिली, त्यात चीजचे तुकडे टाकले, वर सुकं मांस. त्याने सावकाश खाल्लं. गाडीला हात न लावता आधी प्रश्न विचारले. थंड असताना कधी बंद पडली का? नाही. तापल्यावरच? हो. आणि काका, दिवा आधी मंदावतो की इंजिन आधी अडखळतं?

दाजींनी ते पाहिलंच नव्हतं. ताई म्हणाली, "दिवा आधी."

"तुला काय माहीत?" दाजी म्हणाले.

"मी मागे स्लेजमध्ये बसते. चाळीस वर्षं तुमची पाठ बघितली, आता जरा बर्फावरचा उजेड बघते."

बिएरा पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, मला इंजिनाचा आवाज नीट ऐकायचाय, सगळ्यांनी लांब जा. सगळे गेले, दाजीसुद्धा. मी शेजारीच स्लेजवरची कातडी झटकत होते. मला हाकलायचं त्याला सुचलं नाही. सामान आवरणारी बाई पुरुषांना दिसत नाही.

त्याने बॉनेट उघडलं आणि तसाच उभा राहिला. मी मान लांब केली.

सायलेन्सरवर एक पत्र्याचा डबा तारेने घट्ट आवळून बांधला होता. आत रेनडिअरच्या उकडलेल्या जिभेचे तुकडे. प्रवासात गरम जेवण मिळावं म्हणून दाजींनी केलेली सोय. डबा बसावा म्हणून सायलेन्सर आणि वायरी यांच्यामधला पत्रा त्यांनी काढून टाकला होता. आणि बाजूच्या उबदार कोपऱ्यात, इंजिन जिथून हवा ओढतं तिथे, पायांना ऊब राहावी म्हणून कातडी बुटांत घालायच्या गवताचा मूठभर गोळा वाळत ठेवलेला. रबरी बूट घालणाऱ्यांना दाजी माणसात धरत नसत.

बिएराने इंजिन सुरू केलं, दिवा लावला आणि वाट बघत बसला. वीसेक मिनिटांनी दिवा पिवळा पडला. त्याने बोटांनी वायरींचा जुडगा जरा उचलला. दिवा पांढरा झाला. सोडला; दिवा पिवळा आणि इंजिन अडखळलं. डब्याच्या तारेने तो जुडगाही सायलेन्सरला आवळला गेला होता. वरचं प्लास्टिक वितळलं होतं. थंड असताना ताठ राहून वायरी वेगळ्या राहायच्या. तापल्या की मऊ पडून लोखंडाला टेकायच्या. आधी दिव्याची टेकायची, मागोमाग इंजिन बंद करायच्या बटणाची. म्हणजे गाडी धावत असताना दाजींचं जेवण मधूनमधून ते बटण दाबत होतं. आणि गवताच्या काड्यांनी हवेची जाळी निम्मी बुजली होती. पेट्रोल भरपूर आणि हवा नाही, म्हणून प्लग काळे, म्हणून चढावर दम.

त्याने एकेक वायर वेगळी केली, तिच्यावर रबरी नळी चढवली, सगळ्या दूर बांधल्या. कॉफीचा रिकामा डबा कापून मधे पत्रा बसवला. जाळी फुंकून साफ केली. मग सायलेन्सरवरचा डबा सोडवला, माझ्याकडे न बघता माझ्याच हातातल्या कातड्याखाली सरकवला, आणि गवत स्वतःच्या खिशात कोंबलं.

सगळे परत आले. आंतेने विचारलं, काय होतं?

दाजींची नजर बॉनेटखाली गेली. डबा नव्हता. त्यांचा रंग उडाला. कारण आता बिएराच्या जिभेवर काय आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्याचा किती सुंदर योइक होईल हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

बिएरा हात पुसत म्हणाला, "जुनी वायर. अठरा वर्षांत कुणाचंही कातडं झिजतं."

बस्स. आंतेचं समाधान झालं. निघताना बिएरा दाजींजवळून गेला आणि हळूच म्हणाला, "काका, जेवण थंड खात जा. दात अजून चांगले आहेत."

रात्री बर्फ कडक झाला तसे आम्ही निघालो. दाजी शेपटीला होते. मी पुढून वळून वळून बघत होते; दिवा शेवटपर्यंत पांढरा होता. दुसऱ्या मजलेला तळं ओलांडलं. कळप एकदाही खोळंबला नाही, आणि आंतेने घरी जायचा विषय पुन्हा काढला नाही. किनाऱ्याला पोचल्यावर दाजी गाडीवरून उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. हात गरम करत असतील, असं मी ताईला म्हटलं. ताई म्हणाली, गप्प बस.

जुलैत पिल्लांच्या कानांवर खुणा करायचा दिवस आला. प्रत्येक घराची खूण वेगळी; ज्याची खूण, त्याचं पिल्लू. दाजींनी बिएराला निरोप धाडला. तो कुंपणाशी उभा राहिला, पाहुण्यासारखा. दाजींनी स्वतःच्या मादीचं एक दांडगं पिल्लू दोराने धरलं, सुरी काढली आणि डाव्या कानाला दोन खाचा, उजव्याला एक चीर दिली. ती खूण बिएराच्या बापाची. नऊ वर्षं ती कुठल्या कानावर दिसली नव्हती.

कापलेले कानाचे तुकडे आम्ही जपतो. संध्याकाळी त्यावरूनच पिल्लं मोजली जातात. दाजींनी तो तुकडा बिएराच्या तळहातावर ठेवला. आभाराचा शब्द मी दाजींच्या तोंडून आजवर ऐकलेला नाही. त्या दिवशीही ऐकला नाही.

पण मग ते सगळ्यांकडे वळले, घसा साफ केला आणि गायला लागले. बिएराचा योइक नव्हे. नवा. एक डबा, एक जीभ, मूठभर गवत आणि मधे अडखळणाऱ्या इंजिनाची गुरगुर, हुबेहूब. स्वतःचाच. तिसऱ्यांदा ऐकताना आंतेला अर्थ लागला आणि तो हसून कुंपणाला टेकला.

बिएरा हसला नाही. त्याने मूठ मिटली आणि खिशात घातली.

आता पोरं दुकानासमोरून जाताना डब्याचा योइक म्हणतात. जुना काही कुणी पुसलेला नाही, तो पुसता येतच नाही. पण नव्यात गुरगुर आहे, आणि पोरांना गुरगुरायला आवडतं.